पुढचा भाग कोणाचा? विज्ञानकथांच्या गेम-मालिका आणि त्यांच्या चाहत्यांचे वाद

कथा जेथे थांबली तेथून ती पुढे न्यावी की नाही, आणि न्यायची झाल्यास तो अधिकार कोणाचा, हा वाद वाङ्मयाइतकाच जुना असून मराठी परंपरेला त्याच्या दोन्ही बाजू परिचित आहेत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत यापुढे कोणी स्वतःच्या ओव्या मिसळू नयेत असा इशारा अखेरीस दिला. त्यांचेच भावार्थ रामायण मात्र युद्धकांडात अपुरे राहिले आणि ते त्यांच्या गावबा नावाच्या शिष्याने पूर्ण केले, असे परंपरा मानते. एका ग्रंथात भर घालणे हा दोष ठरला, तर दुसऱ्यात तीच गुरुसेवा ठरली. पहिला ग्रंथ पूर्ण होता आणि दुसरा अपूर्ण, एवढ्यानेच हा फरक पडला नाही. भर घालणाऱ्याला तो अधिकार कोठून मिळाला, याकडेही परंपरेचे लक्ष होते. गेल्या तीन दशकांत हाच वाद व्हिडिओ गेम या माध्यमात, आणि त्यातही विज्ञानकथेवर आधारलेल्या गेम-मालिकांच्या बाबतीत, मोठ्या हिरिरीने घातला गेला आहे, आणि ज्यांनी असा एकही गेम खेळलेला नाही त्यांनीही समजून घ्यावा असा तो आहे.

गेम-मालिका म्हणजे एकाच कल्पित विश्वात घडणारे आणि काही वर्षांच्या अंतराने प्रसिद्ध होणारे अनेक स्वतंत्र गेम. कादंबरी-मालिकेशी तिचे साम्य उघड आहे. भेद असा की कादंबरीचा वाचक घटना वाचतो, तर गेमचा खेळाडू त्या घडवतो किंवा निदान आपण त्या घडवत आहोत असे त्याला जाणवावे अशी रचना गेममध्ये केलेली असते. त्यामुळे मालिकेचा पुढचा भाग तयार करताना निर्मात्यापुढे चार निरनिराळ्या गोष्टी उभ्या राहतात: पूर्वीची कथा, खेळण्याची रीत, ज्या हातांनी पहिला गेम घडवला ते हात, आणि प्रत्येक खेळाडूने पूर्वीच्या भागात घेतलेले निर्णय. या चारही गोष्टी एकाच वेळी सांभाळणे बहुधा अशक्य असते. चाहत्यांचे बहुतेक वाद वरवर आवडीनिवडीचे वाटले, तरी यांपैकी कोणती गोष्ट मालिकेचा गाभा मानायची याविषयीचा मतभेद त्यांच्या मुळाशी असतो. आणि चौथी गोष्ट, म्हणजे खेळाडूचे निर्णय, कादंबरीत किंवा चित्रपटात नसतेच. म्हणून गेमविषयीचे वाद इतर माध्यमांतील वादांहून अधिक गुंतागुंतीचे ठरतात.

निर्णयांची शिदोरी

या चौथ्या गोष्टीचे सर्वांत ठळक उदाहरण ‘मास इफेक्ट’ या मालिकेत सापडते. कॅनडातील एडमंटन शहरात १९९५ मध्ये स्थापन झालेल्या ‘बायोवेअर’ या संस्थेने तिचा पहिला भाग २००७ मध्ये, दुसरा २०१० मध्ये आणि तिसरा मार्च २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. कथा बाविसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घडते. मानवाला आकाशगंगेतील इतर प्रगत जीवजातींच्या राजकारणात नुकताच प्रवेश मिळाला असून, दर पन्नास हजार वर्षांनी येऊन सर्व प्रगत संस्कृतींचा संहार करणाऱ्या ‘रीपर’ नावाच्या प्रचंड यंत्रजीवांचे आगमन पुन्हा जवळ आले आहे. त्यांना थोपवण्याचे काम कमांडर शेपर्ड या सेनाधिकाऱ्याकडे येते. हा शेपर्ड पुरुष असावा की स्त्री, त्याचा किंवा तिचा चेहरा, पूर्वायुष्य आणि स्वभाव कसा असावा, हे खेळाडूच ठरवतो.

मालिकेचे खरे वैशिष्ट्य मात्र ‘सेव्ह फाइल’च्या वापरात होते. सेव्ह फाइल म्हणजे खेळाडू कोठवर पोहोचला आणि त्याने काय काय केले याची संगणकात किंवा कन्सोलमध्ये, अर्थात दूरचित्रवाणीला जोडायच्या खेळयंत्रात, साठवली जाणारी नोंद. पहिल्या भागातील ही नोंद दुसऱ्या भागात आणि तेथून तिसऱ्या भागात नेता येत असे. पहिल्या भागातील एका मोहिमेत दोन सहकाऱ्यांपैकी एकालाच वाचवता येते, आणि ज्याला खेळाडूने मागे सोडले तो पुढच्या भागांत पुन्हा कधीच दिसत नाही. दुसऱ्या भागाच्या अखेरच्या मोहिमेत तयारी अपुरी राहिली आणि निर्णय चुकले, तर जवळजवळ सारे पथक मरण पावू शकते, आणि तिसऱ्या भागात त्यांच्या जागा रिकाम्या राहतात. पाच वर्षे आणि तीन गेम सोबत वागवलेली ही निर्णयांची शिदोरी प्रत्येक खेळाडूची वेगळी असल्यामुळे, मालिकेची कथा एकच असली तरी तिच्या आवृत्त्या असंख्य होत्या, आणि आपली आवृत्ती ही आपल्याच मालकीची आहे अशी भावना चाहत्यांत रुजणे स्वाभाविक होते.

निर्मात्यांच्या दृष्टीने ही रचना आकर्षक होती, तितकीच जाचकही. प्रत्येक निर्णयाला दोन फाटे फुटतात असे धरले, तरी दहा निर्णयांनंतर एक हजाराहून अधिक वाटा तयार होतात, आणि त्या प्रत्येक वाटेसाठी स्वतंत्र दृश्ये, संवाद आणि अभिनय तयार करणे कोणत्याही संस्थेच्या आवाक्यातले नसते. म्हणून फुटलेल्या वाटा पुढे कोठेतरी पुन्हा एकत्र आणाव्या लागतात. ‘मास इफेक्ट’च्या पहिल्या भागात ‘राक्नी’ या कीटकसदृश जातीच्या राणीला जिवंत सोडायचे की ठार करायचे, हा नैतिक कसोटीचा प्रसंग होता. तिसऱ्या भागात मात्र तिला मारणाऱ्या खेळाडूपुढेही शत्रूने घडवलेली दुसरी राणी उभी करून जवळजवळ तोच प्रसंग घडवला गेला. ही तडजोड अनेकांच्या लक्षात आली, तरी मालिकेचा शेवट अजून बाकी असल्यामुळे तिचा फारसा गवगवा झाला नाही.

शेवटाचे तीन रंग

मार्च २०१२ मध्ये तिसरा भाग प्रसिद्ध झाला आणि सारा रोष त्याच्या अखेरच्या काही मिनिटांवर एकवटला. शेपर्ड अंतिम ठिकाणी पोहोचल्यावर एक कृत्रिम बुद्धी समोर येते आणि तीन पर्याय ठेवते: रीपरांचा आणि त्यांच्यासोबत सर्व कृत्रिम जीवांचा नाश करणे, त्यांचे नियंत्रण स्वतःकडे घेणे, किंवा सजीव आणि यंत्र यांचा विश्वव्यापी संयोग घडवणे. कोणताही पर्याय निवडला तरी दिसणारी दृश्ये बरीचशी सारखी होती, आणि मुख्य फरक स्फोटातून पसरणाऱ्या प्रकाशाच्या लाल, निळ्या किंवा हिरव्या रंगाचा होता. आदल्या भागांतील निर्णयांचा अखेरच्या दृश्यांवर होणारा परिणाम नगण्य वाटत होता; आणि शेवट दोन-तीन पर्यायांतून एक निवडण्याइतका सोपा नसेल असे निर्मात्यांकडून प्रकाशनापूर्वी सांगितले गेल्यामुळे निराशेत फसवणुकीची भावनाही मिसळली.

त्यानंतर झालेला वाद खेळाडूंच्या जगापुरता मर्यादित राहिला नाही. शेवट बदलावा या मागणीसाठी चाहत्यांनी उभारलेल्या चळवळीने आपला हेतू विधायक आहे हे दाखवण्यासाठी रुग्णालयांतील मुलांना खेळणी आणि गेम पुरवणाऱ्या एका धर्मादाय संस्थेकरिता ऐंशी हजार डॉलरांच्या आसपास निधी जमवला. काही चाहत्यांनी बायोवेअरच्या कार्यालयात तीन रंगांचे शेकडो कपकेक पाठवले, ज्यांचे रंग वेगळे पण चव एकच होती. एका गटाने, शेवटची दृश्ये म्हणजे रीपरांच्या प्रभावाखाली गेलेल्या शेपर्डच्या मनाचा भास आहे, असा विस्तृत अर्थ लावला आणि त्यासाठी गेममधूनच पुरावे गोळा केले. प्रमाण मानलेल्या संहितेला नाकारण्याऐवजी तिचा अर्थ बदलून ती स्वीकारार्ह करण्याची ही रीत भाष्यकारांच्या परंपरेत नवी नाही.

या वादात दोन भूमिका समोरासमोर आल्या. पहिली अशी की गेम ही कलाकृती आहे, तिचा शेवट ठरवण्याचा अधिकार कर्त्याचा आहे आणि गर्दीच्या दबावाखाली शेवट बदलला तर या माध्यमाची कलात्मक प्रतिष्ठाच धोक्यात येईल. दुसरी अशी की खेळाडूचे निर्णय हा कथेचा घटक आहे असे निर्मात्यांनीच तीन भागांतून शिकवले असल्यामुळे, शेवटी तो घटक बाजूला सारणे हे कर्त्याचे स्वातंत्र्य नसून आपणच केलेल्या कराराचा भंग आहे. बायोवेअरने मधला मार्ग काढला आणि जून २०१२ मध्ये कोणतेही मूल्य न घेता विस्तारित शेवट उपलब्ध करून दिला. त्यात तिन्ही पर्याय कायम राहिले, त्यांचे परिणाम अधिक स्पष्ट झाले आणि तिन्ही नाकारण्याचा चौथा पर्यायही आला. तो निवडल्यास मात्र त्या आवर्तनातील संस्कृतींचा पराभव होतो. वाचकांच्या आग्रहावरून कर्त्याने माघार घेण्याची ही पहिली वेळ नव्हती. १८९३ मध्ये आर्थर कॉनन डॉयल यांनी शेरलॉक होम्सला मारले होते, आणि १९०३ मध्ये त्यांना त्याला जिवंत परत आणावे लागले. फरक इतकाच की डॉयल यांनी पुढची कथा लिहिली, तर बायोवेअरने प्रसिद्ध झालेल्या कथेचाच शेवट दुरुस्त केला. छापील पुस्तकाच्या बाबतीत जे जवळपास अशक्य असते, ते इंटरनेटवरून अपडेट पाठवण्याच्या सोयीमुळे गेममध्ये सहज घडते.

पुढे जाण्याच्या तीन वाटा

अनेक शेवट असलेली कथा पुढे न्यायची तर निर्मात्यापुढे तर्काने तीनच वाटा उरतात. पहिली वाट म्हणजे अनेकांपैकी एक शेवट खरा ठरवणे. मूळ कथाविश्वात अधिकृतपणे घडलेले म्हणून जे मान्य केले जाते, त्याला चाहत्यांच्या भाषेत ‘कॅनन’ म्हणतात. एक शेवट कॅनन ठरला की इतर शेवट निवडलेल्यांचा सारा खेळ काल्पनिक विश्वातही काल्पनिक ठरतो. दुसरी वाट म्हणजे सर्व शेवटांचा मेळ घालणे. ‘डेऊस एक्स’ या २००० मधील गेमला परस्परविरुद्ध असे तीन शेवट होते. २००३ मधील त्याच्या उत्तरभागाने त्या तिन्हींचे काही ना काही घटक घडले असे मानून कथा रचली. त्यामुळे कोणीच पूर्णपणे खोटे पडले नाही, पण कोणाचाच निर्णय पूर्णपणे खराही ठरला नाही.

तिसरी वाट म्हणजे निर्णयच टाळणे, आणि ती काळात किंवा अवकाशात पळ काढून साधली जाते. ‘डेऊस एक्स’चा २०११ मधील भाग मूळ कथेच्या पंचवीस वर्षे आधी घडतो, अशा भागाला पूर्वकथा म्हणता येईल, आणि पूर्वकथेला शेवटाचा प्रश्नच सोडवावा लागत नाही. ‘मास इफेक्ट’ने २०१७ मध्ये अवकाशाचा आधार घेतला. ‘मास इफेक्ट: अँड्रोमेडा’ या भागातील प्रवासी तिसऱ्या भागातील युद्धापूर्वीच, म्हणजे कथेतील २१८५ या वर्षी, आकाशगंगा सोडतात, सहा शतकांहून अधिक काळ निद्रिस्त राहून सुमारे पंचवीस लाख प्रकाशवर्षे दूर असलेल्या देवयानी दीर्घिकेत पोहोचतात, आणि मागे काय झाले हे त्यांना ठाऊकच नसते. हा उपाय तार्किकदृष्ट्या निर्दोष होता. तरीही ज्या पात्रांसाठी आणि ज्या संस्कृतींसाठी खेळाडू आले होते त्यांपैकी बहुतेक मागेच राहिल्याने अनेकांना ही मालिका नावापुरतीच उरली असे वाटले. हा भाग बायोवेअरच्या माँट्रियल शाखेकडे सोपवला होता. पात्रांच्या चेहऱ्यांवरील कृत्रिम हावभावांची मोठी थट्टा झाली, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये त्या कथेत पुढे भर घातली जाणार नाही असे जाहीर झाले. गेममध्ये अर्धवट राहिलेला एक धागा पुढे २०१८ मधील कादंबरीत पूर्ण करावा लागला.

२०२० च्या नोव्हेंबरमध्ये बायोवेअरने मालिकेच्या पुढच्या भागाची घोषणा केली आणि डिसेंबरमधील छोट्या चित्रफितीत पहिल्या तीन भागांतील लियारा हे पात्र, उतारवयाकडे झुकलेले, बर्फातून शेपर्डच्या चिलखताचा तुकडा उचलताना दिसले. एवढ्यावरून चाहत्यांत पुन्हा तट पडले. रीपरांचे अवशेष दिसत असल्याने नाशाचा शेवटच खरा धरला गेला असावा, असे एका गटाचे अनुमान आहे, आणि त्या शेवटाच्या एका प्रकारात शेपर्ड श्वास घेताना दिसत असल्यामुळे नायकाचे पुनरागमन शक्य आहे असे त्यांना वाटते. दुसऱ्या गटाच्या मते शेपर्डची कथा त्यागावर संपली, आणि नायकाला परत आणल्यास त्या त्यागाची किंमत शून्य होईल. या दोन्ही गटांना मालिका चालू राहायला हवीच आहे. वाद आहे तो मागे केलेल्या निवडीचे ओझे पुढच्या भागाने किती उचलावे याचा.

अपूर्ण राहिलेली गोष्ट

‘हाफ-लाइफ’ या मालिकेतील वाद याच्या नेमका उलट आहे, कारण तेथे प्रश्न चुकीच्या शेवटाचा नसून शेवटच नसण्याचा आहे. अमेरिकेतील ‘व्हॉल्व्ह’ या संस्थेने १९९८ मध्ये पहिला आणि २००४ मध्ये दुसरा भाग काढला, आणि नंतर दुसऱ्या भागाची कथा तीन छोट्या प्रकरणांत पूर्ण करण्याचे जाहीर केले. त्यांपैकी पहिले प्रकरण २००६ मध्ये आणि दुसरे ऑक्टोबर २००७ मध्ये आले. दुसऱ्याचा शेवट एका प्रिय पात्राच्या अकस्मात मृत्यूवर होतो. तिसरे प्रकरण कधीच आले नाही. मालिकेचे मुख्य लेखक मार्क लेडलॉ यांनी संस्था सोडल्यानंतर २०१७ मध्ये, पात्रांची नावे बदलून, एका पत्राच्या रूपात त्या न झालेल्या प्रकरणाचा कथासार प्रकाशित केला, आणि काही चाहत्यांनी त्यावरून स्वतःच गेम तयार करण्याचा प्रकल्प हाती घेतला.

या थांबण्यामागचे कारण समजून घेणे उद्बोधक आहे. व्हॉल्व्हने ‘हाफ-लाइफ’चा प्रत्येक भाग केवळ कथेचे पुढचे पान मानला नव्हता, पहिल्या भागाने कथा सांगण्याची नवी रीत आणली आणि दुसऱ्याने वस्तूंचे वजन, पडणे आणि आदळणे यांचे गणित खेळाचा भाग केले. केवळ गोष्ट पूर्ण करण्यासाठी तिसरे प्रकरण काढण्यात नवे काही दिसत नव्हते, अशा अर्थाचे स्पष्टीकरण संस्थेचे प्रमुख गेब न्यूवेल यांनी दुसऱ्या भागाच्या विसाव्या वर्धापनदिनी, २०२४ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या माहितीपटात दिले. म्हणजे निर्मात्यांच्या दृष्टीने मालिकेचा गाभा खेळण्याची रीत हा होता आणि चाहत्यांच्या दृष्टीने कथा. दोघेही मालिकेशी प्रामाणिक होते, पण त्यांच्या मनातील मालिका वेगळी होती. २०२० मध्ये आलेला ‘हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स’ हा गेम पूर्वकथेच्या रूपात सुरू होतो आणि अखेरीस २००७ मधला तो मृत्यूच टाळून कथा एक पाऊल पुढे सरकवतो. पण तो आभासी वास्तवाचा, म्हणजे डोळ्यांवर यंत्र चढवून चहूबाजूंच्या दृश्यात वावरायचा, गेम असल्याने आणि ती यंत्रे महाग असल्याने, तेरा वर्षे वाट पाहिलेल्या असंख्य चाहत्यांनी तो खेळण्याऐवजी इतरांच्या चित्रफितींतून पाहिला.

मालक आणि वारस

मालिका पुढे नेण्याचा नैतिक अधिकार कोणाचाही असो, कायद्याने तो प्रताधिकाराच्या मालकाचा असतो, आणि मालक बदलू शकतो. १९९७ मध्ये सुरू झालेली ‘फॉलआउट’ ही अणुयुद्धोत्तर जगाची मालिका मूळची ‘इंटरप्ले’ या संस्थेची. आर्थिक अडचणीतल्या त्या संस्थेकडून ‘बेथेस्डा’ने तिचे हक्क मिळवले आणि २००८ मध्ये तिसरा भाग आणला. आधीचे दोन भाग वरून तिरक्या कोनातून दिसणारे आणि बुद्धिबळासारखे पाळीपाळीने खेळायचे होते, तर तिसरा नायकाच्या डोळ्यांतून दिसणारा आणि प्रत्यक्ष वेगाने घडणारा होता. जुन्या चाहत्यांच्या मते कथाविश्वाचे नाव राहिले आणि खेळ हरवला, तर याच भागामुळे मालिकेला नवा आणि कितीतरी मोठा खेळाडूवर्ग मिळाला. ‘हेलो’ या मालिकेत तर मूळ निर्माते ‘बंजी’ मायक्रोसॉफ्टपासून वेगळे झाले, पण मालिका मायक्रोसॉफ्टकडेच राहिली आणि २०१२ पासूनचे मुख्य भाग त्यासाठी उभारलेल्या दुसऱ्या संस्थेने तयार केले.

चाहत्यांनी स्वतः केलेल्या कामाचे भवितव्यही मालकाच्या इच्छेवर अवलंबून असते. ‘हाफ-लाइफ’चा पहिला भाग चाहत्यांच्या एका गटाने नव्या तंत्राने पुन्हा उभारला, तेव्हा व्हॉल्व्हने त्यांना केवळ परवानगीच दिली नाही तर तो विकूही दिला, आणि ‘ब्लॅक मेसा’ या नावाने तो २०२० मध्ये पूर्ण झाला. याउलट ‘मेट्रॉइड’ या अवकाशकथेच्या दुसऱ्या भागाची एका चाहत्याने वर्षानुवर्षे खपून केलेली विनामूल्य पुनर्निर्मिती ऑगस्ट २०१६ मध्ये प्रसिद्ध होताच निंटेंडोने कायद्याच्या आधारे तिचे वितरण थांबवले, आणि पुढच्याच वर्षी त्याच भागाची स्वतःची नवी आवृत्ती काढली. दोन्ही कामांमागची निष्ठा सारखीच होती, फक्त दार उघडणारा हात वेगळा होता.

ग्वाल्हेरचा दाखला

एखादी शैली कोणाच्याही मालकीची नसताना पिढ्यान्‌पिढ्या पुढे जाऊ शकते का, आणि तिच्याविषयीचे रसिकांचे वाद तेव्हा कसे मिटतात, याचा दाखला ग्वाल्हेर या शहराच्या सांगीतिक इतिहासात मिळतो. एकोणिसाव्या शतकात शिंदे दरबारच्या आश्रयाने हद्दू खाँ आणि हस्सू खाँ यांनी ख्यालगायनाची जी पद्धत प्रतिष्ठित केली, ती वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांनी शिकून महाराष्ट्रात आणली, आणि बाळकृष्णबुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून ती थेट पंजाबपर्यंत नेली. खुद्द ग्वाल्हेरमध्ये दोन वाटा शेजारी-शेजारी चालत राहिल्या: एकीकडे शंकरराव पंडितांच्या घराण्याची, ज्यांचे पुत्र कृष्णराव शंकर पंडित यांनी १९१४ मध्ये संगीत विद्यालय सुरू केले, आणि दुसरीकडे माधवराव शिंदे यांच्या पाठिंब्याने आणि विष्णु नारायण भातखंडे यांच्या पद्धतीने १९१८ मध्ये सुरू झालेल्या माधव संगीत विद्यालयाची. गुरुमुखातून आलेली बंदिश प्रमाण की स्वरलिपीत छापलेली, आणि कुमार गंधर्वांसारखा पलुस्करांच्या परंपरेतील बी. आर. देवधरांकडे शिकलेला गायक देवासला राहून वेगळेच गाऊ लागला तर तो त्या परंपरेचा विस्तार की तिच्याशी फारकत, हे वाद मराठी रसिकांनी मनापासून घातले आहेत.

या वादांत आणि गेम-मालिकांच्या वादांत प्रश्न तोच आहे: नाव, रचना, रीत आणि वारसा यांपैकी काय टिकले म्हणजे मूळ टिकले म्हणायचे. पण ग्वाल्हेरमध्ये दरबार गायकांचा पोशिंदा होता, गायकीचा मालक नव्हता. एका शिष्यशाखेला दुसऱ्या शाखेवर बंदी घालण्याचा कायदेशीर अधिकार नव्हता, त्यामुळे सगळ्या वाटा एकाच वेळी चालू राहू शकल्या आणि त्यांचा निवाडा ऐकणाऱ्यांनी व शिकणाऱ्यांनी दोन-तीन पिढ्यांत सावकाश केला. गेमच्या चाहत्याला हा अवकाश नसतो. पुढचा अधिकृत भाग एकच निघणार, तो शेकडो माणसांच्या काही वर्षांच्या श्रमांतून आणि प्रचंड भांडवलातून निघणार, आणि तो फसला तर मालिकाच थांबण्याचा संभव असतो. म्हणूनच जो मतभेद मैफलीनंतरच्या गप्पांत जिरून गेला असता, तो येथे मोहिमांचे आणि मागणीपत्रांचे रूप घेतो.

न संपणारे गेम

अलीकडे या प्रश्नाला आणखी एक वळण मिळाले आहे. अनेक गेम आता भागांत विभागलेले नसतात; ते इंटरनेटवरून सतत चालू राहतात आणि ठरावीक काळाने त्यांत नवे प्रदेश, पात्रे आणि स्पर्धा यांची भर पडते. पुण्याच्या ‘सुपरगेमिंग’ या संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘इंडस’ हा मोबाइलवरील गेम याच प्रकारचा असून, भारतीय संस्कृतीतील प्रतिमा आणि अवकाशयुगीन भविष्य यांचा मेळ त्यात घातलेला आहे. अशा गेमला उत्तरभाग लागत नाही, पण त्याचा शेवट मात्र पूर्णपणे मालकाच्या हातात असतो, कारण तो ज्या सर्व्हरवर, म्हणजे मध्यवर्ती संगणकांवर, चालतो ते बंद केले की विकत घेतलेला गेमही नाहीसा होतो. मोटारशर्यतीचा ‘द क्रू’ हा गेम ‘युबिसॉफ्ट’ने मार्च २०२४ मध्ये अशा रीतीने बंद केल्यावर, गेम बंद केला तरी तो खेळता येण्याच्या स्थितीत ठेवण्याचे बंधन निर्मात्यांवर असावे अशी मागणी युरोपात सुरू झाली, आणि जुलै २०२५ पर्यंत त्या मागणीपत्रावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. विज्ञानकथेच्या विश्वांनाही हाच धोका असल्यामुळे, मालिका पुढे न्यावी का या प्रश्नाच्या आधी जे आहे ते तरी राहू द्या, हा प्रश्न आता चाहत्यांपुढे उभा आहे.

या सर्व उदाहरणांवरून एक निष्कर्ष काढता येतो. चाहते पुढच्या भागाविषयी भांडतात तेव्हा ते बहुधा मागच्या भागाविषयी बोलत असतात: त्यात आपण घालवलेला वेळ, घेतलेले निर्णय आणि जोडलेली नाती खरी मानली जातील का, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे असते. म्हणून उत्तम उत्तरभागाची कसोटी तो कथेचे सारे धागे जुळवतो की नाही ही नाही. मालिकेच्या चार घटकांपैकी कोणते आपण सांभाळत आहोत आणि कोणते सोडत आहोत, हे तो प्रामाणिकपणे सांगतो की नाही, ही आहे. ‘मास इफेक्ट’च्या तिसऱ्या भागाने निर्णयांचे वचन देऊन ते ऐनवेळी सोडले, आणि ‘हाफ-लाइफ’ने कथेचे वचन देऊन अनेक वर्षे त्याविषयी मौन पाळले; दोन्ही ठिकाणी रोषाचे मूळ कलाकृतीच्या दर्जात कमी आणि या अस्पष्टतेत अधिक होते. निर्मात्याने सोडलेली गोष्ट चाहते कालांतराने स्वीकारतात, पण ती सोडलेलीच नाही असे भासवले की वाद वर्षानुवर्षे धुमसत राहतो.